छोट्या सशांना परवडेल असं पुस्तक

१३ मार्च १९०० रोजी बिॲट्रिक्स पॉटर यांनी मार्जरी मूर या लहान मुलीला एक पत्र लिहिलं. तेव्हा पॉटरबाई तेहेतीस वर्षांच्या होत्या आणि लंडनला आईवडिलांच्या घरी राहत होत्या. त्यांचं पुढे गाजलेलं पीटर सशाचं पुस्तक अजून निघायचं होतं. ज्या गोष्टींनी पुढे त्यांचं नाव जगभर केलं, त्यांतल्या काही तोवर मूर कुटुंबातल्या मुलांना लिहिलेल्या सचित्र पत्रांतच होत्या. मुलांची आई ॲनी ही एके काळी पॉटरबाईंची शिक्षिका. या पत्रांची पुस्तकं होतील, हे तिनंच सुचवलं; आणि बाईंनी स्वतः लिहिलेली पत्रं मुलांकडून उसनी मागून आणली. मार्जरीला लिहिलेलं पत्र म्हणजे या उसनवारीचा हिशेब आहे. बालसाहित्यिकानं पुस्तकांच्या जगातली खबरबात आपल्या वाचकाला कशी सांगावी, याचा हा नमुना फार मोलाचा आहे.

सुरुवातीलाच बाई मार्जरीच्या मनातली शंका स्वतः बोलून टाकतात: ही पत्रं घेऊन पसार तर झाली नाही ना, असं तुला वाटू लागलं असेल. मग पत्रं आणखी थोडे दिवस का हवीत, याचं कारण सांगतात. त्यांची यादी करायची आहे. मोठी माणसं मुलांची वस्तू बिनदिक्कत उचलतात आणि विसरून जातात. इथे मात्र पत्रांची मालकी मार्जरी आणि तिच्या भावंडांकडे आहे, लेखिका देणेकरी आहे. पुढची सगळी बातमी या नात्यातून येते. मार्जरीला ती कळायला हवी, कारण त्या पुस्तकात तिच्या घरचं भांडवल गुंतलेलं आहे.

बातमी तशी निराशेची. पुस्तक या खेपेला होईलसं दिसत नाही, कारण प्रकाशकाला कविता हव्या आहेत. आता प्रकाशक म्हणजे कोण, हे मुलीला सांगायला हवं. बाई सांगतात: पुस्तकं छापणारा एक गृहस्थ. आणि लगेच पुढे जोडतात, की जेवढ्या मोठ्या पुस्तकाचे पैसे देण्याची त्याची ऐपत नाही, तेवढं मोठं पुस्तक त्याला हवं आहे. व्याख्या आणि गाऱ्हाणं एकाच दमात येऊन जातं. शिकवण्याचा आव नाही, रडगाणंही नाही. तरी प्रकाशन-व्यवहाराची मेख त्या मुलीच्या हाती लागते.

यानंतर पत्रात एक बारीकसा बदल होतो. तोवर ‘मी’ म्हणून बोलणारी लेखिका प्रकाशकाशी वाद सुरू होताच ‘मिस पॉटर’ होते. मिस पॉटरचे त्याच्याशी खटके उडतात, मिस पॉटर लवकरच दुसऱ्या प्रकाशकाकडे निघून जाईल असं दिसतं. त्या काळात त्यांना एकामागून एक प्रकाशकांचे नकार पचवावे लागले. पण स्वतःला पात्र करून टाकल्यामुळे नकाराची कडवट चव मुलीपर्यंत पोचत नाही. तिला दिसते ती एक हट्टी बाई आणि तिच्यासमोर हैराण झालेला एक गृहस्थ. हा गृहस्थ रविवारी आजारी पडतो, आणि मग त्याच्या बहिणी, चुलत बहिणी आणि आत्या-मावश्या यांचं वादंग माजतं. नातेवाइकांची ही फौज गिल्बर्ट आणि सलिव्हन यांच्या ‘एच. एम. एस. पिनाफोर’ या १८७८ सालच्या संगीतिकेतून आलेली आहे. मार्जरीला ती नुसती धमाल वाटली असेल; पत्र वाचून दाखवणाऱ्या आईला त्यातली खूण पटली असेल. मुलांसाठी लिहिताना शेजारी बसलेल्या मोठ्यांनाही हळूच डोळा मारायचा, ही पुढे त्यांच्या पुस्तकांत दिसणारी खोड या चार ओळींत पुरती उतरली आहे.

मग येतं ते पत्राचं मर्म. सहा शिलिंगांचं एक मोठं पुस्तक काढण्यापेक्षा एकेका शिलिंगाची दोन-तीन छोटी पुस्तकं काढावीत, असं मिस पॉटरचं मत आहे. कारण? छोट्या सशांना एका पुस्तकापायी सहा शिलिंग खर्च करणं परवडणार नाही, ते घेणारच नाहीत. वाक्य हसत हसत वाचून होतं, आणि नंतर त्यातला पक्का व्यवहार ध्यानात येतो. पुस्तकाचा आकार, किंमत आणि गिऱ्हाईक यांचा विचार या बाईंनी छपाईच्या आधीच केला होता. तो विचार त्यांनी आकडेमोडीत मांडला नाही. गिऱ्हाइकालाच ससा करून टाकलं. ज्याच्याविषयी गोष्ट आहे तोच ती विकत घेणार, आणि पत्र वाचणारी मार्जरी आपसूक त्या सशांच्या रांगेत उभी राहते.

पत्राच्या अखेरीकडे बाई सांगतात, की आज सकाळीच ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात जाऊन आले. तिथे जुन्या बडबडगीतांचं एक झकास पुस्तक पाहिलं. छापोत न छापोत, मी त्यांची चित्रं काढणारच. प्रकाशकाचं आजारपण, पैशांची ओढाताण, वादंग हे सारं एका बाजूला राहतं आणि खरी साहित्यवार्ता इथे मिळते: एका लेखिकेला आज एक जुनं पुस्तक भेटलं. बडबडगीतांच्या या ओढीला स्वतंत्र पुस्तकाचं रूप मिळायला १९१७ साल उजाडलं. छापलं जाण्यावर आपली चित्रं अवलंबून नाहीत, हे मात्र मार्जरीला सतरा वर्षं आधीच कळलं होतं.

उसन्या आणलेल्या पत्रांपैकी सर्वांत प्रसिद्ध पत्र ४ सप्टेंबर १८९३ चं, स्कॉटलंडमधल्या डंकेल्डहून लिहिलेलं. मार्जरीचा थोरला भाऊ नोएल तेव्हा पाच वर्षांचा होता आणि आजारी होता. काय लिहावं सुचत नाही, म्हणून चार सशांची गोष्ट सांगते, अशी त्याची सुरुवात. सांगण्याजोगी बातमी नाही, म्हणून गोष्ट. मग मॅकग्रेगर नावाच्या म्हाताऱ्याच्या बागेत त्यांतल्या पीटरची लूट, पाठलाग, कोबीत आणि बटाट्यांत हरवलेले बूट, जाळीत अडकलेला पितळी बटणांचा निळा कोट. कोट अगदी नवा होता, हा तपशील ती धावपळ ऐन रंगात असताना येतो आणि कुठल्याही घरातल्या आईचा जीव हळहळावा असा आहे. घरी परतल्यावर पीटरला कॅमोमाइलचा काढा. शहाण्या बहिणींना दूध-पाव आणि ब्लॅकबेरी. गोष्ट संपते आणि त्याच सुरात पुढचं येतं: येत्या गुरुवारी मी लंडनला परतते आहे, तुझी आणि नव्या बाळाची भेट होईल. सशाच्या घरचं आजारपण आणि मूरांच्या घरचं बाळ यांच्यामध्ये रेघ मारलेली नाही. आजारी मुलाला आजारी सशाची हकिगत मिळते, तीही शेजारघरची असावी तशी.

नोएलनं हे पत्र जपून ठेवलं, म्हणून पुस्तक होऊ शकलं. डिसेंबर १९०१ मध्ये पॉटरबाईंनी स्वखर्चानं २५० प्रती छापून घेतल्या. ऑक्टोबर १९०२ मध्ये फ्रेडरिक वॉर्न कंपनीनं रंगीत चित्रांसह पुस्तक बाजारात आणलं. आकार छोट्या हातांत मावेल असा, किंमत एका शिलिंगापासून. छोट्या सशांच्या वतीनं मार्जरीपाशी केलेला युक्तिवाद अखेर छापखान्यातही जिंकला.

पुस्तकं निघू लागल्यावर खबरबात बंद पडली नाही. तिची तऱ्हा बदलली. पुढल्या दशकात बाईंनी मूर आणि वॉर्न कुटुंबांतल्या मुलांना इवलीशी पत्रं पाठवली. घडी केली की तेच पाकीट, त्यावर हातानं काढलेलं तिकीट, आणि लिहिणारी सारी मंडळी पुस्तकांतली. पुस्तकाच्या शेवटच्या पानानंतर कुणाचं काय झालं, याच्या या बातम्या. नटकिन खार म्हातारबुवा ब्राऊन घुबडाकडे आपली तुटलेली शेपटी परत मागते, टपालखर्च द्यायची तयारी दाखवते. मिसेस रॅबिट धोबीण टिगी-विंकलबाईंना कळवतात, की एका विधवेनं दुसरीचं मन दुखवू नये हे खरं, पण रुमालांना खळ घातलेली यापुढे चालणार नाही. टिगी-विंकलबाई गयावया करत खापर दुसऱ्या गिऱ्हाइकांच्या कडक कॉलरांवर फोडतात.

यांत मॅकग्रेगर प्रकरण सर्वांत रंगतदार. पीटर अगदी दुकानदारी अदबीनं विचारतो, की वसंतातले कोबी तयार झालेत का, उलट टपाली कळवावं. उत्तर येतं मॅकग्रेगरच्या बायकोकडून. नवरा सर्दीनं अंथरुणात, पुन्हा आलास तर पोलिसांत कळवू, आणि ताजा कलम: ‘पाय’ नावाचा पदार्थ भाजायचं नवं भांडं आणलंय, चांगलं मोठं आहे. या पत्रात शुद्धलेखनाचा पार बोजवारा उडालेला. पीटरच्या बापाचा शेवट मॅकग्रेगरांच्या घरी कशात झाला हे पुस्तक वाचलेल्या मुलाला ठाऊक असतं, म्हणून त्या भांड्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. आता पीटर चुलतभाऊ बेंजामिनला लिहितो. मॅकग्रेगरबाईंचं लेखन किती गचाळ आहे, यावर तो नाक मुरडतो. धमकीची भीती त्याच्या गावी नाही. त्यानं उचललंय ते एकच: म्हातारा अंथरुणाला खिळलाय! तेव्हा संध्याकाळी सहाला बागेजवळच्या रानाच्या कोपऱ्यावर भेट. तीन चिमुकल्या पत्रांत दोघा लिहिणाऱ्यांच्या भाषेच्या तीन तऱ्हा, एक कट, आणि कटाचा शेवट मुलाच्या कल्पनेवर सोडलेला.

आपल्याकडच्या प्रकाशन सोहळ्याच्या वृत्तांतात अध्यक्ष, पाहुणे, हार-तुरे असतात; बालवाचक शेवटच्या ओळीत टाळ्यांपुरता. पॉटरबाईंच्या पत्रव्यवहारात तो आधी धनको आहे, मग गिऱ्हाईक, मग पीटर आणि बेंजामिनच्या कटातला जाणता. पुस्तक अडलं तर ते का अडलं हे कळण्याचा त्याला हक्क आहे, आणि निघाल्यावर त्यातल्या सशाचं पुढे काय झालं हे विचारण्याचाही. दोन्ही प्रश्नांना बाईंनी सारख्याच गांभीर्यानं उत्तर दिलं, आणि सारख्याच मिस्किलपणे. म्हणून ही पत्रं पुस्तकांच्या शेजारी ठेवून वाचावीत. पुस्तकांइतकाच कस त्यांतही लागला आहे.