संग्रह की साठा?
दूरचित्रवाणीवरील अभिजात मालिकांच्या घरगुती संग्रहाविषयी काही विचार

ग्रंथसंग्रहाविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. घरात पुस्तकांचे एक कपाट असावे, त्यात निवडक ग्रंथ असावेत आणि ते पुढच्या पिढीच्या हाती जावेत, ही गोष्ट आता कुणाला पटवून द्यावी लागत नाही. दूरचित्रवाणीवरील मालिकांच्या वाट्याला मात्र असा मान आलेला नाही. मालिका म्हणजे संध्याकाळची करमणूक. आज लागली, उद्या संपली, परवा विसरली, असाच आपला समज आहे. परंतु १९८४ ते १९९० या सहा-सात वर्षांत आपल्या दूरदर्शनवर जे सादर झाले, त्यातील काही कृती त्याच काळातील चांगल्या कादंबऱ्यांच्या आणि नाटकांच्या पंक्तीला बसतील अशा आहेत. त्या जपाव्यात काय, जपाव्यात तर कोणत्या आणि कशा, या प्रश्नांचा येथे विचार करावयाचा आहे.

आरंभीच एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. साठा निराळा आणि संग्रह निराळा. पावसाळ्यापूर्वी घरात लाकूडफाटा भरून ठेवतात, तो साठा. त्यात निवड नसते, भरती असते. संग्रहात प्रत्येक वस्तूच्या मागे एक निर्णय उभा असतो: ही का घेतली आणि ती का सोडली? म्हणून संग्रह करणे ही एक प्रकारची समीक्षाच होय. आज बोटभर आकाराच्या यंत्रात शेकडो तासांचे चित्रमुद्रण मावते. अशा काळात साठा करणे अतिशय सोपे झाले आहे आणि नेमक्या त्याच कारणाने संग्रह दुर्मीळ होत चालला आहे.

कुणी म्हणेल, ‘हे काम शासनाचे किंवा प्रसारण संस्थेचे. सामान्य कुटुंबाने त्यात का पडावे?’ याला इतिहासच उत्तर देतो. ब्रिटनच्या बीबीसीसारख्या संपन्न संस्थेने १९६० आणि १९७० च्या दशकांत आपल्या कित्येक कार्यक्रमांच्या फिती पुसून टाकल्या. फीत महाग होती, जागा अपुरी होती आणि जुने कार्यक्रम पुन्हा कोण पाहणार, अशी समजूत होती. १९६३ साली सुरू झालेल्या ‘डॉक्टर हू’ या तेथील लोकप्रिय मालिकेचे नव्वदहून अधिक भाग अशा रीतीने कित्येक दशके बेपत्ता राहिले. मात्र त्या हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आज उपलब्ध आहे. कारण काही प्रेक्षकांनी घरी बसून साध्या ध्वनिमुद्रकावर तो टिपून ठेवला होता. संस्थेने जे गमावले, ते घराने राखले.

आपल्याला तर इतके दूर जाण्याचेही कारण नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये ते पुन्हा मुद्रित झाले. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज ज्ञात नाही. तरीही तो ग्रंथ आपण वाचतो. कारण भाविकांनी तो हाताने उतरवून घेतला, पिढ्यान्‌पिढ्या जपला, आणि अशा हस्तलिखितांच्या आधारे १९०७ साली मंगळूर येथे तो पुन्हा छापला गेला. ज्या समाजाचे आद्य काव्य खाजगी प्रतींनी तारले, त्या समाजाला घरगुती संग्रहाचे मोल वेगळे सांगावे लागू नये.

आता निवडीच्या कसोटीकडे वळू. बहुतेक संग्राहक स्मरणरंजनाच्या आहारी जातात. ‘आमच्या लहानपणी ही मालिका लागायची’ एवढे कारण त्यांना पुरेसे वाटते. स्मरणरंजन हा प्रेमळ सोबती असला, तरी तो न्यायाधीश म्हणून कुचकामी आहे. त्याच्या न्यायालयात प्रत्येक जुनी वस्तू निर्दोष सुटते. माझ्या मते कसोट्या दोन असाव्यात. ज्याने ती मालिका त्या काळी पाहिलेली नाही अशा तरुणालाही ती आज धरून ठेवते काय, ही पहिली. दुसरी अशी की, दुसऱ्यांदा पाहताना तिच्यात पहिल्यापेक्षा अधिक काही सापडते काय?

या कसोट्यांवर ‘हम लोग’ पाहा. ७ जुलै १९८४ रोजी सुरू झालेली आणि १९८५ च्या डिसेंबरात संपलेली ही हिंदीतील पहिली प्रदीर्घ कौटुंबिक मालिका. लेखक मनोहर श्याम जोशी, दिग्दर्शक पी. कुमार वासुदेव. मेक्सिकोमध्ये मालिकांतून लोकशिक्षणाचा जो प्रयोग झाला होता, त्यावरून तिची कल्पना निघाली. प्रत्येक भागाच्या अखेरीस अशोककुमार पडद्यावर येऊन दोन शब्द सांगत आणि त्यांना प्रेक्षकांची लाखो पत्रे येत. आज पाहताना हा उपदेशाचा भाग सर्वांत आधी शिळा झालेला जाणवतो. शिळा झालेला नाही तो बसेसर रामचा दारूने पोखरलेला संसार आणि बडकीचा मूक स्वाभिमान. आणखी एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. सोशिक भागवंतीची दशा पाहून स्त्रियांनी जागे व्हावे, असा निर्मात्यांचा हेतू होता. पण अनेक प्रेक्षकांनी तिलाच आदर्श मानल्याचे अभ्यासकांना आढळले. प्रवचन करणाऱ्या माझ्यासारख्याने हे विशेष ध्यानात ठेवावे. कथा सांगणाऱ्याचा हेतू एक असतो आणि ऐकणाऱ्याचे अंतःकरण त्यातून भलतेच उचलते. ‘हम लोग’ संग्रहात असावी ती या धड्यासाठी आणि त्या घरातील माणसांसाठी.

‘तमस’ दोन्ही कसोट्यांना पूर्णपणे उतरते. भीष्म साहनी यांच्या या कादंबरीला १९७५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला होता. फाळणीत कराचीहून विस्थापित झालेल्या कुटुंबातील गोविंद निहलानी यांनी तिच्यावरून मालिका केली आणि ती १९८८ च्या जानेवारीत दूरदर्शनवर आली. ती थांबवावी म्हणून प्रकरण न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांनी ती स्वतः पाहिली आणि प्रसारणाला हरकत नसल्याचा निर्वाळा दिला; त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही तीच भूमिका घेतली. कातडी कमावणाऱ्या नत्थूकडून एक डुक्कर मारून घेतले जाते आणि ते मशिदीच्या पायरीवर सापडते, येथून ही कथा सुरू होते. ओम पुरी यांचा नत्थू अपराधी आहे काय? हात त्याचा आहे, हेतू दुसऱ्याचा. तरीही त्याची सदसद्विवेकबुद्धी त्याला झोपू देत नाही. ज्यांचा हेतू होता ते मात्र निश्चिंत असतात. पापाची जाणीव आणि पापाचे कर्तृत्व ही दोन्ही एकाच माणसाच्या ठायी असतीलच असे नाही, हे कटू सत्य या मालिकेने ज्या संयमाने मांडले, तो संयम मला दुसऱ्यांदा पाहताना अधिक जाणवला. लहान मुलांसमोर ती लावू नये. सज्ञान मुलांपासून ती लपवूही नये.

याच्या अगदी उलट टोकाला ‘मालगुडी डेज’. आर. के. नारायण यांचे काल्पनिक गाव शंकर नाग यांनी कर्नाटकातील आगुंबे येथे उभे केले. रेखाटने लेखकाचे बंधू आर. के. लक्ष्मण यांची, संगीत एल. वैद्यनाथन यांचे. येथे कुणी मोठ्याने बोलत नाही, कुणी शिकवत नाही. स्वामी नावाचा एक शाळकरी मुलगा वडिलांना भितो, मित्रांशी भांडतो आणि आपण हसता हसता गप्प होतो. शंकर नाग १९९० साली अपघातात गेले. त्यांच्या या कामाला मात्र वार्धक्य आलेले नाही. मराठीत याच जातीचा निर्मळ विनोद सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनवर चि. वि. जोशी यांच्या कथांवरील ‘चिमणराव’ने दिला. दिलीप प्रभावळकर यांचा चिमणराव आणि बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ, रंगाविना, मोजक्या नेपथ्यात उभे राहिले, तरी पुस्तकातली पात्रे आता त्याच चेहऱ्यांनी डोळ्यांपुढे येतात.

श्याम बेनेगल यांची ५३ भागांची ‘भारत एक खोज’ (१९८८) संग्रहात ठेवताना पुष्कळांना ती अवजड वाटेल. तिचा आधारग्रंथ पंडित नेहरूंनी अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, किल्ल्यात बंदिवासात असताना लिहिला. मालिकेतील लढाया आटोपशीर आहेत, राजवाडे नाटकातल्यासारखे दिसतात. पण दिग्दर्शकाने ही उणीव लपवली नाही. त्याने नाट्यालाच आपली भाषा बनवले. ओम पुरी कधी निवेदक असतात, कधी औरंगजेब. नसिरुद्दीन शाह शिवाजी महाराज होतात. महात्मा फुल्यांना स्वतंत्र भाग मिळतो. इतिहास म्हणजे पराक्रमांची जंत्री नसून प्रश्नांची परंपरा आहे, हे शाळकरी मुलांना सांगणारी दुसरी मालिका मला ठाऊक नाही.

मग ‘रामायण’चे काय? १९८७-८८ मध्ये रामानंद सागर यांच्या ७८ भागांनी देशाला खिळवून ठेवले. रविवार सकाळची ती वेळ आपल्याही घरांना ठाऊक आहे. २०२० च्या टाळेबंदीत ती पुन्हा दाखवली गेली, तेव्हाही नव्या पिढीने ती आवर्जून पाहिली. पहिल्या कसोटीला ती निःसंशय उतरते. दुसरीविषयी मला शंका आहे. एकेका वाक्यानंतर प्रत्येक पात्राच्या मुद्रेवर रेंगाळणारा कॅमेरा दुसऱ्या वेळी सहनशीलतेची परीक्षा पाहतो. तरीही त्या काळाचा दस्तऐवज म्हणून, आणि शेजाऱ्याच्या श्रद्धेची ओळख म्हणून, तिचे काही भाग ठेवावेत असे मी म्हणेन. कलाकृती म्हणून ठेवलेली वस्तू आणि साक्ष म्हणून ठेवलेली वस्तू यांत फरक असतो. संग्राहकाने तो मनाशी स्पष्ट ठेवला म्हणजे झाले.

परदेशी मालिकांपैकी एकीचीच शिफारस करतो: पोलंडचे क्रिस्तॉफ किश्लोव्हस्की यांची १९८०च्या दशकाच्या अखेरची ‘डेकालॉग’. दहा आज्ञा, सुमारे तासा-तासाचे दहा भाग आणि वॉर्सातील एकच इमारतींची वसाहत. आज्ञांचा क्रमही आपल्या धर्मशिक्षणातलाच. पहिल्या भागात एक विद्वान पिता संगणकावर हिशेब करून बर्फ पुरेसे जाड असल्याचे ठरवतो, आणि ते बर्फ त्याच्या मुलाला तोलून धरत नाही. येथे कुणी आज्ञेवर प्रवचन देत नाही. ‘हम लोग’च्या अखेरच्या दोन शब्दांशेजारी हे मौन ठेवून पाहावे, उपदेश आणि कला यांतील अंतर आपोआप ध्यानात येईल. हीही प्रौढांसाठीच.

निवड झाली म्हणजे जतनाचा प्रश्न उरतो. अनेक घरांत अजून व्हीएचएस कॅसेटी पडून आहेत. वसईपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या आपल्या दमट हवेत त्यांच्यावर बुरशी धरते. फितीवरील चुंबकीय थर बांधून ठेवणारा पदार्थ ओलावा शोषून चिकट होतो. अशी फीत घाईने यंत्रात घातली तर उरलेसुरले चित्रही खरवडले जाते. शिवाय यंत्रे तरी कुठे आहेत? जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ साली व्हीसीआरचे उत्पादन थांबवले आणि तो कारखाना जगातील अखेरचा होता. तेव्हा जे आहे ते जाणकाराकडून संगणकीय रूपात उतरवून घ्यावे, दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात आणि प्रत्येकीवर नाव, भाग व प्रसारणाचे वर्ष नोंदवावे. घरी चित्रमुद्रित केलेल्या प्रतीतील जाहिराती कापू नयेत. ‘हम लोग’बरोबर मॅगी नावाचा पदार्थ आपल्या स्वयंपाकघरात शिरला, हेही त्या काळाच्या इतिहासातच मोडते.

येथे एक नैतिक पथ्य सांगणे प्राप्त आहे. आपल्या कायद्यानुसार चित्रकृतीचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे टिकतो. म्हणजे १९८४ ची मालिकाही २०४४ च्या अखेरपर्यंत कुणाच्या तरी मालकीची आहे. घरच्या उपयोगासाठी जपणे निराळे आणि चोरट्या प्रती विकत घेणे वा वाटणे निराळे. सातव्या आज्ञेला तांत्रिक प्रगतीने सूट दिलेली नाही. अधिकृत तबकड्या जेथे निघाल्या तेथे त्या घ्याव्यात. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यातील चित्रपट महोत्सवात ‘वेव्हज’ हा मंच सुरू केला, त्यासारख्या अधिकृत मार्गांचाही लाभ घ्यावा. पण असे मंच म्हणजे दुसऱ्याच्या घरचे कपाट, हे विसरू नये. मालकाने कुलूप लावले की आपला संग्रह संपला.

शेवटी, ज्या संग्रहाचे दार उघडत नाही तो पुन्हा साठाच होतो. आठवड्यातून एक संध्याकाळ, एक भाग, आणि त्यानंतर अर्धा तास गप्पा, एवढा नेम पुरेसा आहे. एकेकाळी सारी आळी एका संचापुढे बसत असे. आज एकाच घरातील चार माणसे चार पडद्यांपुढे बसतात. आजी-आजोबांना जे आठवते आणि नातवंडांना जे खटकते, ते एकाच खोलीत बोलले जावे, यासाठी दहा चांगल्या मालिका पुष्कळ झाल्या. कपाटातील जागा तेवढीच ठेवावी. अकरावी आणायची असेल, तर दहांपैकी कोणती काढायची याचा निर्णय घरातील सर्वांनी मिळून, भांडून आणि पटवून घ्यावा.