बॅच-कार्याची नोंदवही : उच्चार आणि ग्रहण

संगणकावरील बॅच-कार्य माणसाच्या अनुपस्थितीत चालते. पगारपत्रके रात्री तयार झाली आणि सकाळी एखादी रक्कम चुकलेली आढळली, तर मुख्य साक्षीदार उरतो तो त्या कार्याची नोंदवही, म्हणजे जॉब लॉग. म्हणून तिचे परीक्षण एक संहिता या नात्याने करणे अगत्याचे आहे. एएस/४०० या १९८८ साली आलेल्या संगणकाच्या परंपरेतील, आज ‘आयबीएम आय’ या नावाने चालणारी प्रणाली त्यासाठी सोयीची आहे. तिच्या नोंदवहीत प्रत्येक संदेशाबरोबर तारीख, वेळ आणि संदेश पाठविणारा प्रोग्राम यांचा उल्लेख असतो.

परंतु या काटेकोर संहितेचे मौनही तितकेच बोलके आहे. कार्यवर्णन तयार करताना वेगळे काही न सांगितल्यास, सुरळीत संपलेल्या कार्याची नोंदवही निघतच नाही. सीएल भाषेतील प्रोग्रामच्या आज्ञांची नोंदही बंद राहते. ती सुरू केली, तरी एका आरपीजी प्रोग्रामने दुसऱ्यास केलेले पाचारण तीत उतरत नाही. जे सुरळीत संपले ते बरोबर झाले, असे गृहीत यामागे आहे. वस्तुतः चुकीच्या प्राचलांवरही कार्य सुरळीत संपू शकते.

प्राचलांच्या बाबतीत उणीव अधिक सूक्ष्म आहे. समजा, बोलावलेल्या प्रोग्रामला ५० अक्षरांचे नाव अपेक्षित आहे आणि दिलेले नाव २० अक्षरांचे आहे. कार्य बॅचकडे सोपविताना पाचारणाची आज्ञा मजकुराच्या रूपात जाते व नावापुढील रिकाम्या जागा गळतात. लांबी स्पष्ट सांगितलेली नसेल, तर प्रणाली ३२ अक्षरांपर्यंतच रिक्त जागा भरते. उरलेल्या १८ स्थानी स्मृतीतील कोणताही मजकूर येऊ शकतो. नोंदवहीत मात्र नाव निर्दोष दिसते. लोपालाही व्याकरणात कार्य असते, हे पाणिनीच्या अभ्यासकांस सांगावयास नको. ही नोंदवही तो लोप दाखवीत नाही. ती उच्चार टिपते, ग्रहण टिपत नाही.

यास्तव बोलावलेल्या प्रोग्रामनेच प्रवेशाची व निर्गमनाची वेळ आणि हाती आलेली प्राचले, सीमाचिन्हांसह, नोंदविणे इष्ट होय. अशाने नोंदी फुगतात आणि खातेक्रमांकासारखी गोपनीय माहिती उघडी पडू शकते, हा आक्षेप रास्त आहे. त्यासाठी निवड करावी आणि गोपनीय मूल्ये झाकावीत. ऐकणाऱ्याची साक्ष नसलेला संवाद मात्र अर्धाच राहतो, आणि अर्ध्या साक्षीवर कोणाच्याही पगाराचा निर्णय होऊ नये.