रुमालाखालची लिंक

माझ्या इन्स्टाग्रामच्या पेजवर १ लाख ४० हजार फॉलोअर्स आहेत. पातूर शहराची लोकसंख्यासुद्धा एवढी नाही. वऱ्हाडी बोलीतले विनोद, लग्नातल्या पंगतीच्या गमती, एसटी स्टँडवरची भांडणं, असं सगळं मी तिथं टाकत आलो. गेल्या वर्षी एका कंपनीचा मेसेज आला. हातात धरून चालवायच्या छोट्या शिलाई मशीनवर रील करायची, लिंक बायोमध्ये टाकायची आणि त्या लिंकवरून जेवढी विक्री होईल तिच्यावर ६ टक्के कमिशन घ्यायचं. मशीनची किंमत ७९९ रुपये. मी लगेच हो म्हटलं.

रील ३ लाखांच्या वर लोकांनी पाहिली. लिंकवर १९०० जणांनी बोट ठेवलं. ऑर्डरी आल्या ३१. त्यातल्या ९ परत गेल्या. माझ्या खात्यात १०५६ रुपये पडले. उरलेल्या २२ ऑर्डरींपैकी एक आमच्या गल्लीतल्या, फॉल-पिको करणाऱ्या काकूंची होती. आठ दिवसांत मशीनची सुई अडकली ती कायमची. परत करायची मुदतही संपलेली. काकू भांडायला आल्या नाहीत. ओट्यावर बसून त्यांनी फक्त विचारलं, "बाबू, तूनं सोता शिवून पाह्यलं व्हतं का थे?"

मी शिवून पाहिलं नव्हतं. मशीन माझ्याकडे आलंच नव्हतं. व्हिडिओतला कपडा शिवण्याचा तुकडा कंपनीनं पाठवला होता. माझा होता तो फक्त आवाज: "मंडळी, घरोघरी पाहिजेच अशी गोष्ट!" काकूंच्या ऑर्डरीवर मला साधारण ४८ रुपये मिळाले होते.

आपण सिनेमाची समीक्षा करतो, कादंबरीची करतो. दिवसातून शंभरदा डोळ्यांसमोरून जाणाऱ्या ‘लिंक बायोमध्ये आहे’ या साहित्यप्रकाराची मात्र कुणी करत नाही. तो साहित्यप्रकारच आहे. त्याला ठरलेली बांधणी आहे. पहिल्या तीन सेकंदांत एक अडचण: कपडा उसवला, केस गळले, किचन ओट्यावर पसारा झाला. मग ‘मलाही हाच त्रास होता’ असा कबुलीजबाब. मग वस्तू दिसते, हात दिसतात, चेहरा खुलतो. शेवटी लिंक. या बांधणीतलं सगळं वजन मधल्या कबुलीवर असतं. तीच खोटी असेल तर पुढचं सगळं नाटक ठरतं, आणि नाटक म्हणूनही ते वाईट असतं, कारण नटाला आपण नट आहोत हे सांगायची सोय नसते.

माझी ती रील मी नंतर चार-पाच वेळा पाहिली. पेजवरच्या इतर व्हिडिओंत मी ‘काहून’, ‘मले’, ‘तुले’ असं बोलतो. या रीलमध्ये मी अचानक टीव्हीवरच्या जाहिरातीसारखी मराठी बोलायला लागलो होतो. कंपनीनं तशी अट घातली नव्हती. ज्या गोष्टीवर आपला विश्वास नाही ती सांगताना माझी बोली आपोआप सुटून गेली होती. भाषेकडे नीट कान दिला असता तर काकूंचा प्रश्न मलाच आधी पडला असता.

आता आकड्यांकडे येतो. लाखभर फॉलोअर्स म्हणजे लाखभर गिऱ्हाईक हा समज आपल्याकडे भलताच पक्का आहे. २०१९ साली अमेरिकेतली आरी या नावाची इन्फ्लुएन्सर गाजली ती याच समजापायी. तिचे २६ लाख फॉलोअर्स होते आणि टीशर्टांचा धंदा सुरू करायला तिला फक्त ३६ नग विकायचे होते. ते विकले गेले नाहीत. लोक तिच्यावर हसले, पण हसण्यासारखं त्यात काही नाही. नवरात्रात आमच्या रेणुकामातेच्या टेकडीवर गर्दी होते. त्या गर्दीत नारळ, ओटीचं सामान, बांगड्या, पेढे खपतात. तिथं कुणी प्रेशर कुकरचं दुकान मांडलं तर गर्दी तेवढीच राहील आणि कुकर पडून राहतील. माणसं कशासाठी जमली आहेत यावर खप ठरतो. माझ्याकडे माणसं हसायला जमली होती. शिलाई मशीनबाबत माझं मत काय, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

मराठीत ज्यांचं जमलं त्यांच्याकडे पाहिलं की हे जास्त स्पष्ट होतं. मधुरा बाचल यांनी ‘मधुराज रेसिपी’ २००९ मध्ये सुरू केलं. वर्षानुवर्षं त्यांनी लोकांना स्वयंपाक शिकवला आणि पुढे स्वतःच्या नावाचे मसाले काढले. नगरजवळच्या सारोळा कासारच्या सुमन धामणे २०२० च्या सुमारास ‘आपली आजी’ म्हणून घराघरांत पोचल्या. त्यांच्याही नावानं मसाले आले. या दोघींकडे लोक भाजी कशी करायची हे बघायला जात होते. मसाला ही त्याच भाजीची पुढची पायरी. शिवाय पाकिटावर त्यांचंच नाव. मसाला बिघडला तर बोल त्यांनाच लागणार. अॅफिलिएटवाल्याचं तसं नसतं. माल दुसऱ्याचा, गोदाम तिसऱ्याचं, डिलिव्हरी चौथ्याची. मधल्या माणसाकडे फक्त टक्का येतो.

स्वतःचा माल विकणंही अगदी निर्मळ असतं असं मला म्हणायचं नाही. रेसिपी सांगणारा माणूस मसाला विकू लागला की रेसिपीवर नकळत दाब येतो. ‘घरचा काळा मसाला घ्या’ हे वाक्य उच्चारणं तेवढं सोपं राहत नाही. पण तिथं निदान पाहणाऱ्याला कळतं की समोर दुकान आहे. मग त्यानं ठरवावं.

अॅफिलिएटमध्ये हेच कळत नाही. अॅमेझॉननं ही पद्धत १९९६ मध्ये मोठ्या प्रमाणावर रुजवली, तेव्हा ती पुस्तकांबद्दल लिहिणाऱ्या वेबसाइटींसाठी सोयीची होती. लिंकमध्ये तुमची खूण असते. कुणी त्यावर क्लिक केलं की साधारण २४ तास ती खूण त्याच्यामागे राहते. तेवढ्या वेळात त्यानं दुसरंच काही घेतलं, तरी बऱ्याचदा त्याचाही टक्का तुमच्या नावावर पडतो. म्हणजे तुम्ही पुस्तक सुचवलंत, त्यानं कढई घेतली, तरी पैसे तुम्हाला. ऑक्टोबर २०२४ पासून यूट्यूबनंही भारतात फ्लिपकार्ट आणि मिंत्रासोबत हीच सोय व्हिडिओतच आणली. आता वेगळं दुकान मांडायची गरजच उरलेली नाही. गप्पा चालू असतानाच माल खाली दिसतो.

वऱ्हाडातल्या माणसाला हे नवं वाटायला नको. कापूस आपल्याकडे दीडशे वर्षांपासून अडत्याच्या हातून विकला गेला. अनेक बाजारांत भाव रुमालाखाली, बोटांच्या खुणांनी ठरायचा. ज्याचा माल, तो शेतकरी बाजूला उभा राहून फक्त रुमाल हलताना बघायचा. अशा बाजाराला शिस्त लावायचा देशातला पहिला प्रयत्न आपल्याच भागात झाला. १८८६ मध्ये कारंजा इथं कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा आला. दलाल आणि मापाड्यांना परवाना घ्यावा लागला. लूट त्यानं संपली नाही, हे इथल्या कुठल्याही घरात विचारा. पण एक गोष्ट ठरली: दलाल हा दलाल आहे हे सगळ्यांना माहीत पाहिजे.

रीलवरचा अडत्या मात्र मित्राच्या वेशात येतो. म्हणून २०२३ चा नियम मला महत्त्वाचा वाटतो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २० जानेवारी २०२३ रोजी इन्फ्लुएन्सरांसाठी सूचना काढल्या. पैसे, फुकट वस्तू, कमिशन, काहीही मिळत असेल तर ते सोप्या आणि ठळक भाषेत सांगायचं. व्हिडिओ असेल तर नुसतं खाली डिस्क्रिप्शनमध्ये लिहून भागत नाही, व्हिडिओतच सांगायचं, दिसेल आणि ऐकू येईल असं. फसव्या जाहिरातीला पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत आणि पुढच्या वेळी ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याच सूचनांमध्ये आणखी एक अपेक्षा आहे: वस्तू सांगणाऱ्यानं स्वतः वापरलेली असावी. काकूंनी ओट्यावर बसून विचारलं ते हेच.

पण नियम पाळला तरी समीक्षेचा प्रश्न उरतोच. कोपऱ्यात इंग्रजीत एक बारीक हॅशटॅग टाकून वर वऱ्हाडीत गोड बोलणं, हे रुमाल थोडासा उचलून परत टाकण्यासारखं आहे. ज्या भाषेत विश्वास मागितला त्याच भाषेत कमिशनही सांगितलं पाहिजे. ‘हे विकलं तर मले पैसे भेटतात’ एवढं एक वाक्य पुरतं. बोलून पाहा. जीभ अडखळली तर समजा की ती वस्तू तुम्ही सांगू नये.

यावर माझे मित्र म्हणतात, "पोट्ट्यानं कमावू नये का?" कमवावं. गावात नोकऱ्या किती आहेत हे मलाही दिसतं. अडत्याचं काम वाईट आहे असंही नाही. चांगला अडत्या माल पारखतो, त्याच्या शब्दाला भाव असतो. पण पारख करायला वेळ लागतो आणि दहातल्या आठ वस्तूंना नाही म्हणावं लागतं. मी एकाही वस्तूला नाही म्हटलं नव्हतं.

काकूंचे ७९९ रुपये मी परत केले. त्या घेत नव्हत्या. ब्लाउज शिवायला टाकला असं सांगून दिले. बायोमधली लिंक काढली आणि झाला प्रकार वऱ्हाडीत जसाच्या तसा रील करून सांगितला. ती रील ४० हजारांनी पाहिली, आधीचीच्या मानानं फारच कमी. उरलेल्या २१ जणांपैकी दोघांनी मेसेज केले. एकाचं मशीन चांगलं चालत होतं, दुसऱ्याचं बंद पडलं होतं. बाकीच्यांचं काय झालं मला कधीच कळणार नाही. त्यांची नावं माझ्याकडे नाहीत, फक्त टक्का आहे.

काकू अजूनही माझ्या रील पाहतात. मागच्या महिन्यात मी घरच्या जुन्या पाट्यावर ठेचा वाटताना व्हिडिओ टाकला, तर संध्याकाळी दारातूनच त्यांचा आवाज आला, "काहून रे बाबू, हा पाटा घरचा हाय का इकाचा हाय?"

घरचा आहे, म्हणालो. या वेळी खरं होतं.