गाणे कुठे बसते?

मुंबईच्या गाण्याचा विषय निघाला की आम्हां बेळगावकरांना आधी सुळेभावी आठवते. बेळगावजवळच्या या खेड्यात जन्मलेला शिवपुत्र कोमकळी १९३६ साली मुंबईच्या जिना हॉलमध्ये, प्रा. बी. आर. देवधरांनी भरवलेल्या संगीत परिषदेत गायला. वय अकरा-बारा. कुमार गंधर्व ही पदवी त्याला आधीच मिळाली होती. त्या दिवशी मुंबईने तिच्यावर शिक्कामोर्तब केले.

तेव्हापासून कुठल्याही सभागृहाला लावायची माझी फूटपट्टी ठरलेली आहे. खुर्च्या किती, वातानुकूलन आहे की नाही, हे मी विचारत नाही. मी दोनच गोष्टी पाहतो : तानपुऱ्याची जवारी शेवटच्या रांगेपर्यंत पोचते का, आणि सुळेभावीच्या एखाद्या अनोळखी पोराला इथे गायला मिळेल का?

पहिल्या प्रश्नाला नरीमन पॉइंटचे टाटा थिएटर चोख उत्तर देते. १९८० साली ते उघडले. वास्तुकार फिलिप जॉन्सन, ध्वनिरचना सिरिल हॅरिस यांची. सुमारे हजार श्रोत्यांना ध्वनिवर्धकावाचून गाणे ऐकू यावे, असा त्यामागचा विचार. तिथल्या पंख्याच्या आकाराच्या आसनरचनेत मागे बसूनही गायक परका वाटत नाही. पण बोरिवली-डोंबिवलीच्या रसिकाचा एक डोळा रंगमंचावर आणि एक शेवटच्या लोकलवर असतो. दरबारी रंगात येते तेव्हाच माणसे चपला शोधू लागतात!

षण्मुखानंदची गोष्ट वेगळी. मुंबईत येऊन स्थिरावलेल्या दाक्षिणात्य मंडळींनी १९५२ साली सभा स्थापन केली आणि १९६३ साली किंग्ज सर्कलजवळ सभागृह उभारले. १९९० साली ते आगीत सापडले, तरी पुन्हा उभे राहिले. परमुलखात आपली कला जपायची म्हणजे काय, हे दोन भाषांत जगणाऱ्या आपल्यासारख्यांनी तिथून शिकावे. पण पावणेतीन हजारांच्या आसपास खुर्च्या असलेल्या जागेत गायक आणि श्रोता यांच्यामध्ये कर्णा येणारच. शिवाय एवढ्या खुर्च्या भरायच्या तर नाव मोठेच हवे. माझ्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तिथे हिशेबाची वहीच देऊन टाकते.

वेळेचेही तसेच. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावरचे ध्वनिवर्धक बंद केले. आजारी माणसांचा विचार करता ते योग्यच; पण रात्रभर चालणाऱ्या मैफली त्यामुळे आटल्या. पंचम निषाद संस्थेने रवींद्र नाट्य मंदिराच्या आवारात पहाटे ‘प्रातःस्वर’ भरवून ललित-भैरवाला त्यांची वेळ परत दिली, हे मला त्या शहरातले मोठे सांगीतिक पुण्य वाटते.

मग जुन्या गिरगावातल्या बैठकीच बऱ्या होत्या का? गादी, लोड, चार हातांवर बसलेला गवई, दाद द्यायला नजर पुरेशी. आठवणीने जीव हळहळतो खरा. पण त्या बैठकींना आमंत्रण लागे, आणि ते कुणाला जाई आणि कुणाला जात नसे, हे आपण सोयीने विसरतो. तिकीट काढून कुणीही आत येऊन बसावे, ही सोय सभागृहांनीच केली. हे ऋण नाकारून जुन्याचे गोडवे गाणे ही अर्धवट रसिकता झाली.

म्हणून माझे मत दादर-माटुंगा कल्चरल सेंटरसारख्या मध्यम जागांना. दार सर्वांना उघडे, आणि अंतर मात्र बैठकीचे. तिथे नवख्या गायकाच्या कपाळावरचा घाम दिसतो, आणि त्यालाही कळते की समेवर किती माना हलल्या. गाणे वाढते ते या देवाणघेवाणीत.

हे सारे मुंबईचे. आपला काय संबंध, असे कुणी म्हणेल. आहे. आपल्याकडेही गावोगाव मोठमोठी मंगल कार्यालये उठत आहेत. लग्नाच्या पंगतीला ती उत्तमच. पण शंभर माणसे मांडी घालून बसतील आणि भिंती स्वर झेलतील, अशी एक खोली आपण कुठे राखली आहे? सुळेभावीत उद्या असा पोर पुन्हा जन्मला, तर तो कानडी बोलो की मराठी, त्याचे पहिले गाणे मुंबईने ऐकायच्या आधी आपण ऐकायला हवे.