व्हॅन गॉगचें 'तुतीचें झाड'

शरदाचें नांव निघालें कीं आमच्या वाचकांस टिपूर चांदणें, निवळलेलें पाणी व कोजागरीचें दूध आठवावें हें स्वाभाविक आहे. युरोपांतील 'ऑटम' मात्र पानगळीचा ऋतु. आपल्याकडे ती कळा शिशिराची. भाषांतरांत शरद म्हणून मोकळें झालें कीं तिकडील निसर्गचित्रांचा अर्धा भाव उंबरठ्यावरच निसटतो. व्हिन्सेंट व्हॅन गॉगचें 'तुतीचें झाड' हें तैलचित्र पाहतांना एवढें ध्यानीं ठेवावें.

चित्र १८८९ च्या ऑक्टोबरांतील. दक्षिण फ्रान्समधील सेंट-रेमीच्या मनोरुग्णालयांत व्हॅन गॉग त्या वर्षीं मे महिन्यांत आपण होऊन दाखल झाला होता. जुलैंत रोगानें उचल खाल्ली. पुढें कित्येक आठवडे त्यानें बाहेर पाऊल टाकलें नाहीं. तो पुन्हां उघड्यावर चित्रें काढूं लागला तोंवर पानें पिवळीं पडूं लागलीं होतीं.

हा इतिहास कळला कीं पुष्कळ प्रेक्षक चित्र पाहणेंच सोडून देतात! वळलेल्या फांद्या म्हणजे उन्माद, भडक पिवळा म्हणजे ज्वर, असा निवाडा देऊन ते पुढें सरकतात. आम्हांस तो मान्य नाहीं. पर्णसंभारांत कुंचला गरगर वळतो; खडकाळ उतारावर तोच आंखूड व तिरपा पडतो. वस्तु बदलतांच हात बदलतो, हें भान सुटल्याचें लक्षण खास नव्हे. नारिंगी पिवळ्यामागें गडद निळें आकाश आहे, आणि ते दोन रंग परस्परांस पेटवितात. भाऊ थिओ यास लिहिलेल्या पत्रांत तर, या झाडांत आपणांस माँटिसेलीची वाट सांपडल्याचें तुला दिसेल, अशी आशा तो व्यक्त करितो. माँटिसेली हा मार्सेयचा, रंगाचे जाड थर देणारा चित्रकार. इतक्या समजून-उमजून केलेल्या कामास झटका म्हणावें काय?

खालचा उतार आम्हांस किंचित् विस्कळित वाटला. परंतु आम्हीं पाहिली ती छापील प्रत, आणि छपाईंत रंगाचा उंचवटा सपाट होतो. मूळ पट पॅसाडिना येथील नॉर्टन सायमन संग्रहालयांत आहे; उंची ५४ व रुंदी ६५ सेंटिमीटर, म्हणजे दिवाणखान्यांतील तसबिरीएवढाच. त्यांत झाड आपल्या पिवळेपणाच्या ऐन भरांत उभें आहे. एका थंड रात्रीच्या वाऱ्यानें तें उघडें पडेल, आणि चित्रकारानें त्यास गांठलें तें त्याआधीं.