‘स्मृतिचित्रे’ आणि ख्रिस्ती ऐक्याची प्रार्थना

दरवर्षी जानेवारीच्या १८ पासून २५ तारखेपर्यंत निरनिराळे ख्रिस्ती पंथ आपसांतील फूट नाहीशी व्हावी म्हणून प्रार्थना करितात. १९०८ साली अमेरिकेत सुरू झालेली ही प्रथा आता कॅथॉलिक व प्रॉटेस्टंट या दोहोंनीही आपली मानिली आहे. आमच्या पालघर जिल्ह्यात तिला विशेष अर्थ आहे. वसई-तारापूरच्या किनाऱ्यावर पोर्तुगिजांनी कॅथॉलिक पंथ आणिला; १७३९ साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत दोन्ही किल्ले पडले, राज्य गेले, परंतु वसईचा कॅथॉलिक समाज आपल्या वाड्यांत, आपल्या बोलींत टिकून राहिला. पुढे बोईसर-तारापुरास कारखाने आले, १९६९ साली अणुवीजकेंद्र सुरू झाले, आणि पोटासाठी दूरदूरची माणसे आपापली उपासना बरोबर घेऊन आली. अशा ठिकाणी सर्वांनी मिळून प्रार्थना करावयाची ती कोणत्या मराठीत? हा प्रश्न आम्ही वाङ्मयाचा समजतो.

ख्रिस्ती मराठीची घराणी दोन. एक किनाऱ्याचे, दुसरे घाटावरचे. फादर स्टीफन्स या इंग्रज जेज्वीटाचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात राशोलला छापले गेले. नारायण वामन टिळकांचे अभंग त्यानंतर सुमारे तीनशे वर्षांनी, अमेरिकन मिशनच्या छायेत, नगरकडे जन्मास आले. पंथ वेगळे, काळ वेगळा. तरी एकाने ओवी उचलली व दुसऱ्याने अभंग, म्हणजे दोघेही संतांच्याच दारी गेले. पण छंद जुळले म्हणजे पंगती जुळतात असे नाही. पुराणाचा विषय विश्वोत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणापर्यंतचा. त्यात श्रोत्याच्या चुलीला जागा कोठून असणार?

ती जागा लक्ष्मीबाई टिळकांनी दिली. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली, आणि त्यांतील विनोदाची वाखाणणी इतकी झाली की पुस्तकाचा धार्मिक गाभा दुर्लक्षित राहिला, असे आमचे मत आहे. वडिलांच्या अतिरेकी सोवळ्यात वाढलेली ही मुलगी. १८९५ साली पतीने बाप्तिस्मा घेतला व संसार मोडला. काही वर्षांनी ती त्यांच्यापाशी परत गेली, तीही आपले सोवळे आणि आपली वेगळी चूल सांभाळून! धर्मचर्चेने तिला कोणी जिंकिले नाही. जातिभेद ईश्वराने केलेला नव्हे, हे तिला स्वतःच्या विचाराने आधी पटले. कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा निश्चय आधी झाला, बाप्तिस्मा मागाहून आला. हा क्रम आम्हांस फार मोलाचा वाटतो. पुढे नकुशीसारखी टाकलेली पोर घरात येते, प्लेगच्या छावणीत रोग्यांची शुश्रूषा होते, टिळक घरातले पैसे भलत्यालाच देऊन टाकितात आणि बाई संतापतात. या सर्व प्रसंगांत देवाचे नाव फारसे घेतलेले नाही, पण तो वावरतो मात्र तेथेच.

टिळकांनाही पंथांच्या भिंती खुपत होत्या. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारिला; बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोघांनाही तेथे स्थान होते. कल्पना भव्य होती, पण ती सर्वस्वी एका माणसावर उभी होती, आणि १९१९ साली तो माणूसच गेला.

आमच्या जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर वसईच्या नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ हा या वाटेवरचा मोठा टप्पा होय. साहित्य अकादमीने २०१३ साली त्याला अनुवादाचे पारितोषिक दिले, आणि २०२० साली उस्मानाबादेच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. कॅथॉलिक धर्मगुरूच्या मराठीला मराठी वाचकाने असे आपले म्हणावे, ही गोष्ट लहान नव्हे. तथापि एका ग्रंथावर एकमत होणे त्यामानाने सोपे. कोणी कोणाच्या घरचे पाणी प्यावे, कोणाच्या मुलीने कोणाच्या घरी नांदावे, हे प्रश्न ख्रिस्ती समाजातही बायबलाच्या अनुवादाने सुटलेले नाहीत. त्यांस हात घालिते ती ‘स्मृतिचित्रे’च.

म्हणून आमची सूचना अशी की, जानेवारीच्या त्या आठवड्यात बोईसर-पालघरच्या प्रार्थनासभांतून लक्ष्मीबाईंच्या त्या निश्चयाचे प्रकरण मोठ्याने वाचले जावे. उपासनेत हशा पिकेल, अशी शंका कोणी काढील. टिळक स्वतः ख्रिस्ती कीर्तने करीत, आणि कीर्तनात श्रोते हसले म्हणून देव उठून गेल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही.