नांदेडचें सचखंड : समाधि कीं तख्त ?

नांदेड येथील सचखंड हुजूरसाहेब या वास्तूस मराठी लेखनांत ‘गुरु गोविंदसिंगांची समाधि’ असें सर्रास म्हटलें जातें. हा शब्द सोयीचा असला, तरी यथार्थ आहे कीं काय, याचा विचार होणें अवश्य आहे.

प्रथम इतिहास पाहूं. बादशहा बहादूरशहा कामबक्षावर चालून दक्षिणेंत आला, त्या सुमारास गुरु गोविंदसिंग नांदेडास आले. येथेंच माधोदास बैरागी त्यांचा शिष्य झाला व पुढें बंदा या नांवानें पंजाबांत गेला. येथेंच इ. स. १७०८ च्या ऑक्टोबरांत गुरूंनीं देह ठेविला. तत्पूर्वीं त्यांनीं देहधारी गुरूंची परंपरा संपवून ग्रंथासच गुरुपद दिलें, अशी शीखांची दृढ श्रद्धा आहे. मुख्य मंदिर महाराजा रणजितसिंग यांनीं इ. स. १८३२ ते १८३७ या काळांत, निजामाच्या राज्यांत, बांधविलें.

समाधि म्हणणारांचा आधार उघड आहे. आंतील दालनास ‘अंगीठासाहेब’ म्हणतात. गुरूंचा देह जेथें अग्नीस दिला, त्या जागेवर तें उभें आहे, व तेथें त्यांचीं शस्त्रें जतन केलेलीं आहेत. शिवाय आंतील व पुढील दालनांची मांडणी आपल्या गर्भगृह-सभामंडपाशीं जुळते. परंतु मराठी मनांत समाधि म्हणजे संताच्या नित्य सान्निध्याचें स्थान. आळंदीस जाणारा वारकरी याच भावानें जातो. शीख मताप्रमाणें गुरूचें सान्निध्य स्थानांत नसून वाणींत आहे. म्हणून हा शब्द येथें अडखळतो.

वास्तूचा अर्थ केवळ भिंतींवरून लागत नाहीं, तेथील नित्यक्रमावरूनही लावावा लागतो. ग्रंथसाहेब दिवसां पुढील दालनांत संगतीसमोर विराजमान असतात व रात्रीं आंत नेले जातात. देवळांत मूर्ति गर्भगृहांत स्थिर असते व भक्त तिच्याकडे जातो. येथें गुरु स्वतः सभेंत येतात. आराखडा देवळाचा, पण त्याचा विनियोग निराळा. शस्त्रांविषयींचा पूज्यभाव व स्मारकपूजेचा निषेध यांत ताण आहे, हें मान्य करावें लागेल. तो ताण या नित्यक्रमानें लपविलेला नाहीं, त्याला मर्यादा घातली आहे.

नांवेंही हेंच सांगतात. ‘तख्त’ हा फारसी शब्द सिंहासनवाचक असून हें स्थान शीखांच्या पांच तख्तांपैकीं एक आहे. ‘सचखंड’ हें जपुजींत वर्णिलेल्या पांच खंडांतील अखेरचें, सत्याचें स्थान. ‘अबचलनगर’ यांत संस्कृत ‘अविचल’ स्पष्ट दिसतो. तिहींपैकीं एकही नांव मृत्यूचें नाहीं.

ही वास्तु अमृतसरच्या हरिमंदिराची प्रतिकृति होय, ही समजूतही तपासून घेण्यासारखी आहे. हरिमंदिर सरोवराच्या मध्यभागीं आहे, व त्याच्या चार दिशांच्या द्वारांना सर्वांस मुक्त प्रवेश हा अर्थ दिला जातो. नांदेडची वास्तु उंच जोत्यावर, कोरड्या भूमीवर आहे. तिचें जळ म्हणजे आमच्या नाशकावरून वाहत जाणारी गोदावरी. तिचें पाणी घागरीनें रोज आणलें जातें. अमृतसरचा अर्थ येथें जसाच्या तसा चिकटविणें युक्त नव्हे.

शब्दाचा हा वाद क्षुल्लक नाहीं. समाधि म्हटलें कीं आपण मागील दालनाकडे पाहून परततों. पुढील दालनांत ज्या ग्रंथाचें पठण चालतें, त्यांत आपल्या नामदेवांचीं ६१ पदें आहेत. तीं ऐकण्यास मराठी यात्रिकानें तेथें क्षणभर बसावें, एवढ्यासाठीं तरी ‘तख्त’ हाच शब्द आपण स्वीकारावा.